वजन उतरल्याचे अभिनंदन

खाण्याच्या विकाराने आजारी असलेली व्यक्ती म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर हाडांचा सापळा झालेली मुलगी उभी राहते. मी तशी कधीच दिसले नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये एम.एस्सी. करत असताना माझा आजार सर्वांत जोरात होता, त्या काळातही माझी गणना वर्गातल्या जाड मुलींमध्येच होत होती. आणि त्यामुळे आजाराची जी जी लक्षणे बाहेर दिसली, त्यांचे घरच्यांनी, मैत्रिणींनी, शिक्षकांनी आणि एका डॉक्टरांनीही कौतुकच केले. तपासणी, निदान आणि उपचार या वाटेने त्यातून बाहेर कसे पडता आले, ते येथे लिहीत आहे. वजनाचे आकडे मात्र मी मुद्दाम देणार नाही. आजारी असताना मी अशी अनुभवकथने शोधून शोधून वाचत असे, आणि ती बरे होण्यासाठी वाचत नसे. लिहिणाऱ्या मुलीने किती दिवसांत किती किलो उतरवले ते पाहून तिच्याशी बरोबरी करण्यासाठी वाचत असे. माझे लेखन कोणाच्या तशा उपयोगी पडू नये.

माझे गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आहे. आमच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर मजुरी केली, तिथे वाटली जाणारी सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलो या ज्वारीच्या लाल भाकरी खाऊन दिवस काढले. त्यामुळे घरातले मूल अंगाने भरलेले असणे ही तिच्या लेखी मिरवण्यासारखी गोष्ट होती, आणि माझ्या गुटगुटीतपणाचे श्रेय ती बिनदिक्कत स्वतःकडे घेत असे. मी आठवी-नववीत पोचेपर्यंत हे चालले. त्यानंतर तेच अंग आत्या, मावश्या आणि मामींच्या काळजीचा विषय झाले, कारण पुढे स्थळे पाहायची होती. एका घरात जे दोन पिढ्यांत घडते ते एखाद्या प्रदेशात दोन-तीन वर्षांतही घडू शकते, हे मला पुढे वाचनातून कळले. फिजीच्या नाद्रोगा भागात धष्टपुष्ट शरीर परंपरेने चांगले मानले जात असे. तिथे १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोचली. ॲन बेकर या अमेरिकी संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा प्रश्नावलीत खाण्याच्या विकाराचा धोका दाखवणारे गुण पडलेल्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलेले आढळले. दोन्ही वेळचे गट लहान होते, साठ-पासष्ट मुलींचे, हेही सांगायला हवे. आमच्या गावात टीव्ही माझ्या जन्माआधीच आला होता. माझ्या वयाच्या मुलींच्या हाती आला तो मोबाइल.

पदवीच्या वर्षांत वजनावरून होणारी चेष्टा हा दिनक्रमाचाच भाग होता. शेअर रिक्षात बसायला गेले की चालक 'ताई, तुम्ही पुढच्या गाडीत या' म्हणायचा, हे मी कोणाला सांगितलेही नाही. परंतु स्नेहसंमेलनातला फिशपाँड मात्र अजून लक्षात आहे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, की विद्यार्थी एकमेकांविषयीच्या टोमण्यांच्या चिठ्ठ्या निनावी टाकतात आणि त्या व्यासपीठावरून मोठ्याने वाचल्या जातात. माझ्या नावाच्या चिठ्ठीत लिहिले होते, 'हिला एकच पास का दिला? खुर्च्या तर दोन लागतात.' सभागृह हसले, व्यासपीठावरचे सर हसले, आणि मीही हसले, कारण फिशपाँडला न हसणारा माणूस खिलाडू वृत्तीचा नाही असे ठरते. जात, धर्म किंवा अपंगत्व यांवरची चिठ्ठी त्याच सरांनी बाजूला काढून ठेवली असती याची मला खात्री आहे. वजनावरची चिठ्ठी बाजूला काढावी असे कोणाला वाटत नाही, कारण वजन ज्याचे त्याच्या हातात असते अशी सर्वांची समजूत असते. ती माझीही होती.

एम.एस्सी.साठी वसतिगृहात राहू लागल्यावर जेवणावर लक्ष ठेवणारे कोणी उरले नाही. मी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. चतुर्थी आणि एकादशी होत्याच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असे म्हणून आपण आपल्याच उपवासाला हसतो, पण माझ्या उपवासात साबुदाणाही नसे आणि भगरही नसे. मुलीने जेवण नाकारले तर आपल्याकडे दहा जण कारण विचारतात. उपवास आहे म्हटले की अकरावाही गप्प बसतो. मेसच्या मावशी मला देवभोळी समजत, रूममेट माझ्या निग्रहाचे दाखले देत, आणि वजन उतरू लागले. दिवाळीला घरी गेले तेव्हा ज्या आत्याने मला कधी जवळ बसवून घेतले नव्हते तिने हात धरून विचारले, 'काय केलंस गं? आमच्या पोरीला पण सांग की.' त्या वेळी मला जिना चढताना अंधारी येत होती, केस मूठमूठ गळत होते आणि पाळी लांबली होती.

यापुढचा टप्पा मला तेव्हा अजिबात समजला नव्हता. आमच्या मेसला रविवारी दुपारी गोडाचे जेवण असे आणि संध्याकाळी सुट्टी. बहुतेक मेसची हीच पद्धत आहे. आठवडाभर ओढून धरलेली भूक रविवारच्या त्या रिकाम्या संध्याकाळी सुटत असे. बेकरीतून आणलेले, घरून आलेले, रूममेटच्या डब्यातले, जे हाती येईल ते मी उभ्याउभ्याने, चव न घेता, पोट दुखेपर्यंत खात असे, आणि मग ते बाहेर काढण्यासाठी स्वच्छतागृहात जात असे. त्याचे वर्णन मी करणार नाही. एवढेच सांगते, की प्रत्येक रविवारी हे शेवटचे असे ठरत असे, सोमवारचा उपवास अधिक कडक होत असे, आणि काही महिन्यांत त्याला रविवारची गरज उरली नाही.

पाळीच्या तक्रारीसाठी मी एका खासगी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी उंची आणि वजन घेतले, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, काढला, मागच्या वेळचा आकडा पाहिला आणि म्हणाले, 'छान, उतरतंय. असंच चालू ठेवा, पाळी आपोआप येईल.' वजन कसे उतरते आहे हे त्यांनी विचारले नाही. माझा बीएमआय तेव्हाही पंचविसाच्या वर होता, आणि भारतीयांसाठी २३ च्या पुढे अतिवजन व २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्यामुळे त्या तक्त्यात मी ज्या रकान्यात बसत होते, त्या रकान्यातल्या बाईला एकच सल्ला द्यायचा असतो. बीएमआयचे मूळ सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञाने मांडले, ते लोकसमूहांची सरासरी अभ्यासण्यासाठी. त्यावरून समोर बसलेली एक व्यक्ती जेवते की नाही हे कळण्याचा संबंधच येत नाही.

मार्ग निघाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. मानसशास्त्राच्या एम.ए.ला असलेली एक मुलगी आपल्या प्रबंधिकेसाठी वसतिगृहात प्रश्नावल्या भरून घेत होती. त्यांतली एक होती 'ईट-२६', म्हणजे गार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलेली सव्वीस विधानांची चाचणी. तीत वीस किंवा त्याहून अधिक गुण पडले तर निदान होत नाही, पण तज्ज्ञाला दाखवावे असा इशारा मिळतो. मी ती भरायला बसले आणि थबकले. जे मी दार लावून करत होते आणि जे जगात माझ्याशिवाय कोणी करत नसेल अशी माझी समजूत होती, त्याबद्दल तिथे क्रमांक घालून छापील विधाने होती. दुसरी प्रश्नावली जाड व्यक्तींविषयीच्या मतांची होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिश्चन क्रँडल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापिकेवर ती आधारलेली होती, आणि तिचे तीन भाग होते: जाड माणसांविषयीची नावड, स्वतः जाड होण्याची भीती, आणि जाडपणा हा इच्छाशक्तीचा अभाव आहे ही समजूत. तिन्ही भागांत मी भराभर 'पूर्ण सहमत'च्या बाजूला खुणा केल्या. एकही खूण करताना मला विचार करावा लागला नाही.

प्रश्नावलीच्या शेवटी, मदत हवी असल्यास भेटावे, अशी ओळ होती. दोन-तीन आठवडे टाळून अखेर मी त्या मुलीला गाठले. तिने माझे गुण वगैरे काही न काढता मला समुपदेशकांकडे नेले. त्यांनी पाच प्रश्न विचारले. 'स्कॉफ' नावाची ही छोटी चाचणी १९९९ मध्ये लंडनमधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आणि पाचांपैकी दोन होकार आले तर पुढची तपासणी करावी असा तिचा नियम आहे. त्यातला एक प्रश्न असा, की लोक तुम्हाला फार बारीक म्हणत असताना तुम्ही स्वतःला जाड समजता का. मी नाही म्हणाले. मला फार बारीक कोण म्हणणार होते? माझ्यासारख्या अंगाच्या विद्यार्थ्याला त्या प्रश्नाला होकार देण्याची सोयच नाही, हे माझ्या त्याच वेळी ध्यानात आले. बाकीच्या प्रश्नांना होकार पुरेसे होते, म्हणून माझे काम अडले नाही; सर्वांचेच तसे होईल असे नाही.

समुपदेशकांनी शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागाच्या नावाने चिठ्ठी दिली. केसपेपर काढून बाकड्यावर बसलेल्या अवस्थेत ओळखीचे कोणी दिसेल या धास्तीने मी ओढणी नाकापर्यंत ओढली होती. माझ्या शेजारी भरतीची तयारी करणारा एक मुलगा होता. तो स्वतःहून बोलू लागला: दिवसभर पळायचे, उकडलेली अंडी आणि पावडर एवढ्यावर राहायचे, आणि रात्री न थांबता खायचे. मुलांना हे होते हे मला ठाऊक नव्हते. त्यालाही नव्हते, त्याच्या प्रशिक्षकाने 'पोट सुटलंय' म्हटल्यावर हे सुरू झाले, एवढे त्याने सांगितले.

आतल्या डॉक्टर मॅडमनी वजनाबद्दल प्रथम काही विचारलेच नाही. त्यांनी दोन्ही कानांखाली बोटे दाबून पाहिली आणि विचारले, 'इथं दुखतं का?' दुखत होते. वारंवार उलट्या झाल्या की लाळेच्या ग्रंथी सुजतात, आणि त्यामुळे चेहरा भरल्यासारखा दिसतो. घरी ज्यांनी 'गाल पुन्हा वर आले की गं' म्हणून मला आणखी एक उपवास धरायला लावले होते, त्यांना दिसत होती ती ही सूज. मग मॅडमनी बॅटरीने दात पाहिले. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजली होती. त्यांनी ताबडतोब ईसीजी काढायला लावला आणि रक्त तपासायला पाठवले. पोटॅशियम साडेतीनच्या, म्हणजे किमान हव्या त्या पातळीच्या, खाली आले होते. ते घसरले की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि रुग्ण बारीक असो वा जाड, धोका तितकाच असतो, असे त्यांनी सांगितले. 'वजनाकडे बघून रक्तातलं पोटॅशियम कळत नाही,' हे त्यांचे वाक्य मी मागच्या डॉक्टरांना ऐकवू शकले असते तर बरे झाले असते.

निदान बुलिमियाचे होते, म्हणजे अनावर खाण्याचे झटके आणि मग ते उलटी किंवा उपवासाने भरून काढण्याची धडपड. या आजाराला हे नाव १९७९ मध्ये जेरल्ड रसेल या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने दिले. पूर्वी, म्हणजे खाण्याचे झटके सुरू होण्याआधीच्या महिन्यांत, मी केवळ उपाशी राहत होते तो काळही निरोगी नव्हता, असे मॅडम म्हणाल्या. अमेरिकेतल्या मनोविकारांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली, तिच्यात ॲनोरेक्सियाची, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने स्वतःला उपाशी ठेवण्याच्या विकाराची, सर्व लक्षणे आहेत, वजनही बरेच घटले आहे, परंतु अजून ते सर्वसाधारण किंवा त्याहून जास्तच आहे, अशा रुग्णांची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे माझ्यासारख्या मुली पुस्तकात आहेत. त्या दवाखान्यात ओळखू येत नाहीत एवढेच. औषधाबद्दल फार लिहीत नाही. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे, पण या आजारातही दिले जाणारे औषध सुरू झाले, पोटॅशियमसाठी औषध झाले, आणि खरा उपचार चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ ताईंकडे सुरू झाला.

ताईंनी पहिल्या दिवशी मला एक प्रयोग सांगितला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. परंतु वजनाहून महत्त्वाचे होते ते वागणे: हे पुरुष दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेका जेवणावर बराच वेळ रेंगाळू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, आणि प्रयोग संपल्यावर त्यांतले काही जण पोट भरले तरी खातच राहिले. ते सारे प्रयोगाआधी मनाने धडधाकट म्हणून निवडलेले होते. 'तुझी इच्छाशक्ती कमी नाही, तू उपाशी आहेस,' असे ताई म्हणाल्या. गंमत अशी, की ज्या सूत्राच्या आधारे मला शाबासकी मिळाली होती त्याला १९७२ मध्ये बॉडी मास इंडेक्स हे नाव देणारेही हेच कीज होते.

उपचाराची पद्धत ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली होती आणि तिचा गाभा ऐकायला इतका साधा आहे, की मला तो प्रथम थट्टेचा वाटला: दिवसात तीन वेळा जेवायचे, मध्ये दोन-तीन वेळा थोडे खायचे, आणि दोन खाण्यांत चार तासांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही. काय खायचे हे आरंभी महत्त्वाचे नव्हते, केव्हा खायचे हे होते. भूक लागो न लागो, आदल्या रात्री झटका येऊन गेलेला असो वा नसो, सकाळी आठचा नाश्ता टाळायचा नाही. जी मुलगी आठवड्यातले तीन-तीन वार उपवास करत होती तिला हे सर्वांत अवघड गेले. दुपारच्या दोन पोळ्या संपवताना माझे हात थरथरत, आणि आता वजन दुप्पट होणार अशी खात्री वाटत असे. ते झाले नाही.

जोडीला नोंदवही होती. शंभरपानी वहीत पाच रकाने आखायचे: वेळ, पदार्थ, जागा, जास्त खाल्ले असे वाटले तर चांदणी, आणि शेवटच्या रुंद रकान्यात त्या वेळी काय चालले होते ते. अट अशी, की लिहायचे ते तिथल्या तिथे, रात्री आठवून नाही. मी मेसमध्ये ताटाशेजारी वही उघडे आणि मैत्रिणींना प्रयोगशाळेचा हिशेब सांगे. दोन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवून ताईंनी मला चांदण्या कुठे कुठे पडल्या आहेत ते शोधायला लावले. बहुतेक सर्व चांदण्या अशा दिवशी होत्या ज्या दिवशी दुपारचे जेवण टळले होते. उरलेल्या घरच्या फोननंतरच्या होत्या. खाण्याचा एकही झटका आकाशातून पडलेला नव्हता. रविवारच्या संध्याकाळसाठी आम्ही शनिवारीच बेत ठरवू लागलो: मेस बंद म्हणून समोरच्या खानावळीत साडेसातला, एकटीने नव्हे तर कोणाला तरी घेऊन, थाळी. इतक्या क्षुल्लक दिसणाऱ्या सोयीने जे झाले ते कित्येक शपथांनी झाले नव्हते. वजन आठवड्यातून एकदाच, ताईंसमोर, आणि चार आठवड्यांचे आकडे एकत्र पाहिल्याशिवाय त्यावर बोलायचे नाही. औषधाच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर रोज उभे राहण्याची सवय सुटायला मात्र फार दिवस लागले.

आईला सांगणे भाग पडले ते नवरात्रामुळे. आमच्याकडे तुळजाभवानीचे नऊही दिवसांचे उपवास पाळले जातात आणि मी ते दहावीपासून करत होते. नऊ दिवसांचा उपवास म्हणजे उपचारावर पाणी, हे ताईंनी स्पष्ट सांगितले होते. मी फोनवर सर्व सांगितले. आजाराचे नाव सांगून उपयोग नव्हता, म्हणून काय काय करत होते ते सांगितले. बराच वेळ आई काही बोलली नाही. मग तिने विचारले, 'आता जेवायलीस का नाही?' जेवते म्हटल्यावर ती म्हणाली, 'मग जेव. आजारी माणसाला उपास नसतो. देवीला मी सांगते काय सांगायचं ते.' त्या वर्षी नवरात्रात मी मेसमध्ये रोज दोन्ही वेळ जेवले. माझ्या घरच्या सुकडीच्या आठवणींमुळे अन्न वाया घालवल्याची जी टोचणी मला सर्वांत जास्त होती, तिच्याबद्दल आईने तेव्हाही नाही आणि नंतरही कधी शब्द काढला नाही.

वेळ अमावस्येला मात्र कसोटी होती. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी अख्खे गाव शेतात जाते. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे, खीर यांच्या पंगती दुपारभर उठत-बसत असतात. ओळखी-पाळखीच्या चार शेतांत जेवायला जाण्याची पद्धत आहे आणि नको म्हणणे अपमान समजला जातो. म्हणजे उपाशी राहणाऱ्यालाही आणि आवरता न येणाऱ्यालाही तो दिवस अवघडच. ताईंशी बोलून ठरवले होते त्याप्रमाणे मी सकाळी घरी नाश्ता केला, आमच्या शेतात बसून एक पूर्ण ताट जेवले आणि बाकीच्या शेतांत अंबिलीचा एक-एक पेला घेतला. आत्याने ताटाकडे पाहून 'पुन्हा सुरू झालं का गं?' म्हटले. त्यासाठीचे उत्तरही तयार होते: 'आत्या, माझ्या वजनावर नको बोलूया. भज्जी कोणी केली?' भज्जी तिनेच केली होती. त्यामुळे विषय बदलायला अडचण आली नाही.

झटके थांबल्यावरही शरीराविषयीची घृणा राहिली होती, आणि ताईंच्या मते ती राहिली तर आजार परतण्याची शक्यताही राहते. इथे ती दुसरी प्रश्नावली पुन्हा पुढे आली. तिन्ही भागांतली माझी उत्तरे मी आठवून सांगितली तेव्हा ताईंनी माझ्या ओळखीच्या जाड माणसांची यादी करायला लावली आणि प्रत्येकापुढे इच्छाशक्तीचा पुरावा मागितला. यादीत माझी मावशी होती, जी पहाटे चारला उठून धारा काढते आणि गावातल्या कोणत्याही बारीक बाईपेक्षा जास्त चालते. थायरॉइडचे औषध घेणारे एक शिक्षक होते. आणि अनुवंशाने आईच्या वळणावर गेलेली मी होते. वजन ठरवण्यात अनुवंश, औषधे, झोप, हार्मोन, परवडणारे अन्न आणि वारंवार केलेले डाएटसुद्धा यांचा वाटा असतो, हे मला विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून ठाऊक होते. ते स्वतःला लागू पडते असे वाटत नव्हते. जाड माणसाविषयी समाजाचे मत जाड माणसानेच स्वतःविषयी खरे मानणे यालाही संशोधनात मापिका आहे, डर्सो आणि लॅटनर यांची, २००८ ची. म्हणजे तेही माझ्या एकटीचे नव्हते.

माझे मत असे बनले आहे, की विद्यापीठांत या विकारांची तपासणी करायची तर वजनकाटा बाजूला ठेवूनच करावी लागेल. ज्या मुलीचे वजन झपाट्याने उतरते आहे तिचे अभिनंदन करण्याआधी ती जेवते का हे विचारणारा एक माणूस वसतिगृहात असला तरी पुष्कळ होईल. सध्या तसा माणूस कुठे नेमलेला असतो हे मला दिसलेले नाही. जवळ कोणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा शासकीय क्रमांक आहे; तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. फोन करताना वजन सांगण्याची गरज नाही.

माझी नियमित सत्रे संपली आहेत. अधूनमधून रक्ततपासणी होते, परीक्षेच्या दिवसांत नोंदवही पुन्हा काढावी लागते, आणि वरच्या दोन दातांवर कॅप बसवायच्या आहेत, पैशांची सोय होईल तेव्हा. मागच्या पावसाळ्यात तापासाठी एका नव्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काट्यावर उभे केले, आकडा पाहिला आणि ताप राहिला बाजूला, डाएटचा छापील कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हटले, 'डॉक्टर, मला बुलिमिया होऊन गेला आहे. हा कागद मला चालणार नाही, आणि हे माझ्या केसपेपरवर लिहून ठेवा.' त्यांनी लिहिले. मग पेन खाली ठेवून विचारले, की त्यात नेमके काय काय पाहायचे असते. बाहेर रांग होती, म्हणून कानांखालच्या ग्रंथी, दात आणि पोटॅशियम एवढेच सांगितले.